चार मिलिमीटर डावीकडे

ठमीने चाक घोडीवरून उतरवलं, उलटं करून पुन्हा चढवलं आणि पट्टी लावून पुन्हा मोजलं. उत्तर तेच आलं. रिम मधोमध असायला हवी होती, ती चार मिलिमीटर डावीकडे सरकलेली होती.

घोडी म्हणजे चाकाचा आउट काढायची लोखंडी चौकट. तिच्यात चाक अडकवायचं, फिरवायचं, रिम कुठे लचकते ते बघायचं आणि त्याप्रमाणे आरे कसायचे किंवा सैल सोडायचे. चार मिलिमीटर म्हणजे तुम्हाआम्हाला काहीच नाही, आपण भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्याहून तिरकं टांगतो. पण अण्णांनी बावन्न वर्षं या घोडीवर चाकं बांधली होती आणि आंधळ्यालाही बोटाने कळेल एवढी चूक त्यांच्या हातून कधी झालेली नव्हती. ठमी स्टुलावर बसली.

ती अण्णांचं चाक त्यांच्या मागे का तपासत होती, हे आधी सांगायला हवं, नाहीतर ती तुम्हाला आगाऊ वाटेल. ती आगाऊ आहेच, पण तेवढीच नाही. आठ महिन्यांपूर्वी अण्णांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. त्यानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बांधलेलं एक चाक अर्धा मिलिमीटर लचकत होतं. गिऱ्हाइकाला ते सात जन्मांत कळलं नसतं, पण ठमी त्यांचीच लेक, तिला कळलं. अण्णा दुपारी एकला दुकानाच्या वरच्या खोल्यांत जेवायला जायचे आणि मग चारपर्यंत आडवे व्हायचे. तेवढ्या वेळात ठमीने आरे कसायची चावी फिरवून अर्धा मिलिमीटर काढून टाकला आणि मूग गिळून गप्प बसली.

एकदा केलं की सवयच लागते. आठ महिन्यांत अण्णांनी चाळीसेक चाकं बांधली. ठमीने ती सगळी तपासली आणि त्यातली अकरा हळूच सुधारली. अण्णांना याचा गंधही नव्हता. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे, "डोळे नवे घालून घेतलेत. एक चाक परत आलं नाही बघा तेव्हापासून." ते असं म्हणाले की ठमी पाठ करून कुठलीतरी चांगली ट्यूब पाण्यात बुडवायची आणि तिच्यात पंक्चर शोधत राहायची.

पण पाव-अर्धा मिलिमीटर म्हणजे डोळे. चार मिलिमीटर म्हणजे डोळे नव्हेत.

दुकान मुळात दोघा भावांचं. अण्णा धाकटे. थोरले काका शेवटची तीन वर्षं विसरत विसरत गेले. ब्रेक बसवलाय म्हणून शपथेवर सांगायचे, आणि ब्रेक टेबलावर पडलेला असायचा. अगदी शेवटी तर ते अण्णांनाच विचारायचे, "तुमचे मालक कुठे गेलेत?" अण्णा म्हणायचे, "येतीलच एवढ्यात," आणि त्यांच्यापुढे चहाचा कप सरकवायचे. ठमी तेव्हा वीस वर्षांची होती. अण्णा आता चौऱ्याहत्तरचे होते, म्हणजे काकांचं सुरू झालं त्याच वयाचे. ते चाक हातात घेऊन बसलेल्या ठमीला काकाच आठवले आणि तिला थोडं रडू आलं.

मग तिने डोळे पुसले, डावे आरे सोडले, उजवे कसले आणि पाऊण तास खपून रिम मधोमध आणली. चाक सायकलीतच घालून बघावं असं तिला सुचलं नाही. सायकल तिच्या डोक्यावर, आकड्याला टांगलेली होती. पण ज्याला उत्तर आधीच ठाऊक असतं तो गणित कशाला सोडवील? अण्णांचं डोकं दगा देतंय हे तिचं ठरून गेलं होतं.

सायकल दातवाल्या डॉक्टरांची. वाकड्या हँडलची, पातळ पोलादी पाइपांची, रेसची जुनी सायकल. डॉक्टर तिची साखळी दात घासायच्या ब्रशने साफ करायचे आणि ब्रश दर महिन्याला बदलायचे. सोमवारी दवाखान्यासमोर ती उभी असताना कुणीतरी गाडी मागे घेतली आणि मागचं चाक पार चुरगळलं; अण्णांनी बांधलेलं हे नवं चाक त्याच्या जागचं. रविवारी डॉक्टरांना मित्रांबरोबर दोनशे किलोमीटरच्या फेरीला जायचं होतं. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, त्यामुळे बोलणं सरळ नसायचंच.

"अण्णा, चहात साखर किती घालता?" डॉक्टर विचारायचे.

"तुम्ही माझ्या दातांकडे बघू नका, मी तुमच्या साखळीकडे बघत नाही," अण्णा म्हणायचे.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर आले. अण्णांनी नव्या चाकावर टायर आधीच चढवून ठेवलं होतं. आता ते त्यांनी फ्रेममध्ये सरकवलं, एक्सलची कळ दाबून पक्की केली आणि नवऱ्यामुलाचा बाप वरातीकडे बघतो तसं कौतुकाने चाक फिरवलं. चाक अर्धा फेरा गेलं आणि खरखरत थांबलं. उजवीकडच्या ब्रेकच्या रबराला ते घासत होतं.

अण्णांनी कळ सोडली, चाक नीट आत दाबलं, पुन्हा पक्कं केलं. पुन्हा खरखर. ते खाली वाकले आणि रिम आणि फ्रेमच्या पाइपांमधून दोन्ही बाजूंनी बोट घालून बघितलं. डावीकडे बोट सहज गेलं, उजवीकडे अडकलं. वाकलेले अण्णा जरा जास्तच वेळ वाकलेले राहिले.

"डॉक्टर, पाच वाजता या," ते उठत म्हणाले. "राहिलंय माझ्याकडून."

"पाच काय, सहा चालेल. दात असता तर मी म्हटलं असतं तार लावू, दोन वर्षांत सरळ होईल." डॉक्टर हसले. अण्णा हसले नाहीत. मग डॉक्टरांनीही हसणं आवरलं आणि ते दवाखान्यात गेले.

अण्णांनी एप्रन काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. तो एप्रन गेल्या पंधरा वर्षांत कुणी घडी घातलेला पाहिला नव्हता. मग ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

"ठमे," ते म्हणाले, "चाकं आता तूच बांधत जा."

"एका चाकावरून?"

"एकावरून नाही."

कालचं चाक ठमीने स्वतः मधोमध आणलेलं होतं, दोन वेळा मोजलेलं होतं. मग ते बाजूला कसं? अण्णा आपलं चुकलं म्हणून बसले होते आणि चूक तर असलीच तर तिची होती. तिने सायकल स्टँडवर चढवली आणि मुळापासून सुरुवात केली.

आधी एक्सल. तो खाचेत पुरता टेकलाय का? टेकला होता, दोन्हीकडे. मग ब्रेकच एका बाजूला ओढला गेलाय का? तिने ब्रेक ढिला करून बाजूलाच केला, पण रिम फ्रेमच्या उजव्या पाइपाजवळ ती जवळच. म्हणजे दोषी दोघांपैकी एक, चाक किंवा फ्रेम, आणि दोघंही तोंड उघडत नाहीत. अशा वेळी अण्णांनी तिला लहानपणी शिकवलेलं होतं: चाक उलटं घाल. साखळी बाजूला लटकू दे, गिअरची बाजू डावीकडे येऊ दे आणि मग बघ. चाक वाकडं असेल तर उलटं केल्यावर ते दुसऱ्या बाजूला जाईल. तरीही त्याच बाजूला गेलं, तर बिचाऱ्या चाकाला सोड आणि फ्रेमला धर.

तिने चाक उलटं घातलं. ते उजवीकडेच गेलं.

ठमीने सुतळीचं रीळ घेतलं. मागे एक्सलच्या डाव्या खाचेला गाठ मारली, दोरा पुढे हँडलखालच्या पाइपाला वळसा घालून मागे उजव्या खाचेपर्यंत ताणून आणला. आता सीटखालच्या उभ्या पाइपापासून दोरा दोन्ही बाजूंनी सारखाच दूर असायला हवा. तो उजवीकडे जास्त दूर होता. तिने पट्टी उचलली.

"चार आहे," कोपऱ्यातून अण्णा म्हणाले. ते बघतही नव्हते. "मागचा भाग सगळाच चार मिलिमीटर उजवीकडे गेलाय. गाडीचा धक्का चाकाला लागला तसा फ्रेमलाही लागला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सोमवारीच मोजलं मी. तू आरे आणायला गेली होतीस."

"मग मला बोलला नाहीत ते."

"काम होईपर्यंत कशाला बोलायचं? डॉक्टरांच्या कानावर गेलं असतं तर ते रविवारपर्यंत झोपले नसते." अण्णांनी गुडघ्यावरचे हात उलटसुलट केले. "जुनी फ्रेम, पातळ पाइप. जोर लावून सरळ करायला गेलो असतो तर जोडाशी चिरली असती. म्हणून म्हटलं, फ्रेम राहू दे तशी, चाकच चार डावीकडे ओढू. म्हणजे सायकलीत बसल्यावर बरोबर मधोमध येईल."

ठमीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, हे ऐकलं होतं. पण अण्णांनी मलम बरोबर जागी लावलं होतं आणि पुसून टाकलं होतं ते तिने.

"आणि ओढलंच मी ते, बुधवारी," अण्णा सांगत होते. "म्हणजे ओढलं असं मला वाटतंय. डावे आरे कसले, उजवे सोडले, चावी निसटून बोटाला लागली. हे बघ, खरचटलंयसुद्धा. मला लख्ख आठवतंय, ठमे. पण चाक म्हणतंय, तू काहीच केलं नाहीस." त्यांनी ते बोट दुसऱ्या हाताने झाकलं. "दादाचंही असंच सुरू झालं होतं. त्यालाही सगळं लख्ख आठवायचं."

ते दुकानाच्या दाराकडे बघत बसले. त्यांना भीती वाटत होती. आपल्या बापाला भ्यालेलं ठमीने कधी पाहिलं नव्हतं, आणि ते तिला अजिबात बघवेना.

खोटं बोलायची सोय होती. नवे आरे बसतात अण्णा, रिम सरकते कधीकधी, असं म्हणता आलं असतं. अण्णांनी ते मानलं नसतं, पण मानल्यासारखं केलं असतं. खरं सांगावं तर त्यांचं डोकं शाबूत असल्याचं त्यांना कळणार होतं, पण त्याबरोबर आठ महिन्यांचा तोराही जाणार होता. एक चाक परत आलं नाही, यातला 'का' त्यांना कळणार होता. एक डोळा वाचवायला दुसरा काढायचा, असला हा हिशेब. ठमीने पट्टी खाली ठेवली.

"अण्णा, तुम्ही ओढलं होतं. चार मिलिमीटर, डावीकडे. मी मोजलं काल दुपारी आणि मला वाटलं चुकलंय. म्हणून मी ते मधोमध आणलं."

अण्णांनी मान वळवली. "काल? काल दुपारी तू माझं चाक कशाला मोजत होतीस?"

"मी सगळीच मोजते. ऑपरेशन झाल्यापासून."

अण्णांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. जीव भांड्यात पडणं म्हणतात ते ठमीने त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मग ती सुटका हळूहळू मावळली आणि कान लाल झाले.

"आणि सुधारतेस?"

"अकरा सुधारली."

"अकरा." त्यांनी तो आकडा तोंडात घोळवला. "आणि मी जगभर सांगत सुटलोय की एक चाक परत आलं नाही. तू ऐकत होतीस की शेजारी उभी राहून."

"हो."

"मला सांगावंसं नाही वाटलं?"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलोच असतो. मग? लहानपणापासून रागावतोय, मेलीस का?" ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. "पोस्टमनच्या चाकाला हात लावलास?"

"त्याला पाव होता."

"तो पाव मी ठेवलेला होता. त्याच्या रिमच्या जोडाला चीर आहे. तिथला आरा आणखी कसला की ती उघडणार. त्याला म्हटलंय, पगार झाला की रिम बदल." अण्णा आता तिच्यासमोर उभे होते. "उद्या त्याला बोलाव आणि तो आरा पहिल्यासारखा सोड. आणखी कुठली?"

ठमीने एकेक चाक सांगितलं. अण्णा प्रत्येकाला थांबून आठवत होते. या रिमला पहिल्यापासून पोचा आहे. ते चाक शाळेतल्या पोरीचं, ती फुटपाथवरूनच उड्या मारते, दोन दिवसांत अर्धा मिलिमीटर येतोच. आठ चाकांना त्यांच्याकडे कारण होतं, आणि त्यातली पाच कारणं तरी ठमीला पटली. उरलेल्या तीन चाकांना त्यांच्याकडे कारण नव्हतं.

"ही तीन पहिल्या महिन्यातली?"

"पहिल्या तीन आठवड्यांतली."

"तेव्हा मला आरे दोन दोन दिसायचे," अण्णा म्हणाले. "ती चुकली असतील. बरं केलंस." आणि हे बरं केलंस म्हणायला त्यांना किती जड गेलं ते ठमीला कळलं, कारण तिचा स्वभावही त्यांच्यावरच गेलेला आहे.

मग त्यांनी टेबलावरचा एप्रन झटकला आणि घातला. चाक काढून घोडीवर चढवलं आणि तिच्याकडे हात पुढे केला. तिने त्यावर चावी ठेवली. अण्णा आरे कसत गेले, डावीकडचा पाव फेरा आत, उजवीकडचा पाव फेरा बाहेर. ठमी समोर बसून पट्टी धरत होती आणि आकडा सांगत होती. एक. दीड. अडीच. मध्येच ते म्हणाले, "काल फार घट्ट आवळून ठेवलेस गं, रागात होतीस का?" ती म्हणाली, "नाही, रडत होते." अण्णांनी चावी थांबवली, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा आरे कसायला लागले. चार आल्यावर त्यांनी तिला चाक उलटं करून पुन्हा मोजायला लावलं. चारच होते.

पाचला डॉक्टर आले. चाक फ्रेममध्ये मधोमध फिरत होतं, दोन्हीकडे बोट सारखंच जात होतं.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

ठमी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "तुमची फ्रेम वाकडी झालीय, म्हणून चाकही वाकडं बांधलंय. आता ती दोघं एकमेकांना धरून आहेत. कुणी शहाणा चाक सरळ करायला निघाला तर करू देऊ नका."

"असे शहाणे असतात?"

"घरोघरी असतात." ठमीने मान खाली घातली. तिला हसू येत होतं, आणि लाजही वाटत होती.

डॉक्टर सायकल रस्त्यावर नेऊन एक चक्कर मारून आले, हात सोडून चालवून दाखवली आणि खूश होऊन गेले. अण्णांनी अवजारं पुसून जागेवर लावली. ठमी झाडू घेऊन आऱ्यांचे तुकडे गोळा करायला लागली. शटर अजून उघडंच होतं, बाहेर उजेड होता.

"दादाची चाकं मी बांधायचो," अण्णा अचानक म्हणाले. "तुला माहीत नाही. तो वर जेवायला गेला की मी त्याची चाकं पुन्हा सोडायचो आणि पुन्हा बांधायचो. दीड वर्षं. त्याला वाटत राहावं की सगळं ठीक आहे, म्हणून."

ठमीचा झाडू थांबला.

"त्याला कळलं होतं. एके दिवशी त्याने आरे नुसते ओवले, एकही कसला नाही, आणि चाक माझ्यापुढे आणून ठेवलं. म्हणाला, तू करतोच आहेस. त्यानंतर त्याने चाकाला हात लावला नाही. मला वाटतं तो तिथून पुढेच जास्त विसरायला लागला." अण्णांनी चावी फडक्यात गुंडाळली, पुन्हा उलगडली. "मी त्याला एकदाही तोंडावर सांगितलं नाही. प्रेमच होतं गं ते. पण तो एकटा पडला त्याने."

ठमी झाडू तसाच धरून त्यांच्याजवळ गेली.

"आज काही झालेलं नाही मला," अण्णा म्हणाले. "पण उद्या होऊ शकतं. झालं, तर मागून सुधारत बसू नकोस. मला सांग. समोर उभी राहून सांग, आज सांगितलंस तसं. मी रागावेन. नाही म्हणेन. तरी सांग."

"आणि तुम्ही मीच कोण म्हणून विचारलंत तर?"

"तर तेही सांग. कोण आहेस ते."

ठमीने नुसती मान हलवली.

"मान नको हलवूस," अण्णा म्हणाले. "बोल."

"सांगेन," ती म्हणाली.